शिवणीतली माया

मी पुतळा बोलतोय, पण चौकातला नव्हे. चौकातल्या पुतळ्यांना स्वतः बोलावं लागत नाही. त्यांच्या वतीने घसा फोडणारे पुष्कळ असतात. मी शिंप्याच्या दुकानातला. धड, खांदे आणि खाली एक लाकडी दांडा, बस्स. मला डोकं नव्हतं. ते पुढे इतिहासवाल्यांनी बसवलं, आणि माझे हाल तेव्हापासून सुरू झाले.

एका सुताराने माझा सांगाडा केला, त्यावर कुणीतरी जाडंभरडं कापड ताणून बसवलं आणि मास्तरांनी मला विकत घेऊन दुकानाच्या दारात उभं केलं. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. माणूस कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. गिऱ्हाईक कोटासाठी घाई करू लागलं की म्हणायचे, "उघडा फिरायचा तर फीर, पण वेडावाकडा कोट माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही." मास्तरांना दोन मुलं. थोरली ताई काजं करायची, बटणं लावायची. धाकटा शाळेतून आला की माझ्या गळ्यात दप्तर अडकवायचा आणि खेळायला पळायचा. त्याची आई त्याच्या लहानपणीच गेली होती, त्यामुळे घरात त्याला रागावायचं कामसुद्धा ताईकडेच होतं.

माझ्या अंगात टाचण्या खुपसल्या जायच्या, पण ते मला कधी टोचलं नाही. टाचणीला काहीतरी कारण असायचं. कुणाचं तरी लग्न ठरलेलं असायचं, कुणाला तरी नोकरी लागलेली असायची.

आमचं गाव नदीकाठचं. नदीच्या दोन बाजूंना दोन देश, आणि दोन्ही देशांच्या नकाशांत गाव आपापल्या रंगाने रंगवलेलं. शेजाऱ्याच्या पाटावर हक्क सांगणारे दोन पाहुणे जेवायला बसावेत, तसे हे दोन देश. यजमानाला कुणी विचारतच नव्हतं.

युद्ध सुरू झालं आणि आधी मातकट गणवेशाचे लोक आले. गावाने त्यांचं नाव मातकटे ठेवलं. त्यांनी मास्तरांना गणवेश शिवायला बसवलं आणि गावातली मिसरूड फुटलेली पोरं उचलली. त्यात आमचा धाकटा. त्याला अजून धड मिसरूडही फुटलं नव्हतं, पण अधिकाऱ्याने त्याची हनुवटी उजेडाकडे वळवून पाहिली आणि म्हणाला, "फुटेल."

त्याचा कोट मास्तरांनी माझ्यावर चढवून बेतला. शिंपी लोक शिवणीच्या आत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. लष्करी कोटात बोटभर माया ठेवायचा हुकूम होता, कापड वाचवायला. मास्तरांनी धाकट्याच्या बाह्यांत चांगली चार बोटं माया ठेवली. अधिकाऱ्याच्या लक्षात आलं नाही. ताईच्या आलं. ती म्हणाली, "बाबा, एवढी?"

"वाढत्या अंगाचा आहे तो," मास्तर म्हणाले आणि खाली मान घालून शिवत राहिले.

काही महिन्यांनी मातकटे पळाले आणि करडे आले. तेच बूट, तेच ओरडणं, फक्त रंग करडा. पकडलेल्या पोरांना त्यांनी भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, आमच्याकडून लढा, नाहीतर इथेच उभे राहा. भिंतीशी उभं राहणं म्हणजे काय, हे पोरांना कळत होतं. नवं कापड कुठून आणणार? तेव्हा हुकूम झाला की जुनेच गणवेश रंगवा. मास्तरांनी अंगणात हंडे चढवले. ताईने खाली जाळ घातला. बापाने आपल्या पोराचा कोट त्या उकळत्या पाण्यात काठीने बुडवला.

मास्तरांनी करड्यांच्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं, "शिवण दुहेरी आणि घट्ट आहे साहेब, रंग आतपर्यंत पोचायचा नाही."

"आत कोण बघायला जातंय?" अधिकारी म्हणाला.

ओलाच कोट अंगात घालून धाकटा दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, आता मी कुणाच्या बाजूचा गं?"

"आधी जेव," ताई म्हणाली, "मग ठरव."

तो जेवला आणि गेला. पुलावर मोठी चकमक झाली, पूल पडला, नदीने किती नेले त्याचा पत्ता नाही. धाकटा परत आला नाही. मास्तर पुढे कितीतरी वर्षं दाराकडे तोंड करून मशीन चालवत बसायचे. मरताना त्यांनी ताईला सांगितलं, मला पुरशील तिथे शेजारी त्याची जागा ठेव. ताईने जागा ठेवली. पण रिकाम्या जागेत ठेवणार काय? देह तर नव्हताच.

गाव शेवटी करड्यांच्या वाट्याला आलं. पुलाच्या लढाईच्या दिवशी आमच्या काठावर विजयदिन असतो, बँड वाजतात. त्याच दिवशी पलीकडच्या काठावर काळे झेंडे लागतात. इकडच्या पुस्तकात पलीकडचे कसाई, तिकडच्या पुस्तकात इकडचे. मारलेल्यांचे आकडे दोन्हीकडे दरवर्षी वाढतात. मेलेली माणसं वाढतात कशी, हे कुठल्याच पोराने विचारलं नाही. विचारलं असेल तर मार खाल्ला असेल.

मास्तरांच्या माघारी दुकान बंद झालं, आणि मी युद्ध संग्रहालयात पोचलो. तिथल्या प्रमुखांना सगळे प्राध्यापक म्हणत. त्यांच्याकडे पुलाखालच्या चिखलात सापडलेला एक करडा कोट होता, छातीला भोक पडलेला. तो घालायला त्यांना पुतळा हवा होता. कोट माझ्यावर चढला आणि मी ओळखला. पण मला विचारतो कोण? मला प्लास्टरचं डोकं बसवलं, पिळदार मिशा लावल्या, काचेच्या पेटीत उभं केलं आणि पाटी लावली: 'पुलाचा अनाम वीर. याने एकट्याने शत्रूची तुकडी रोखली.' एकट्याने! अहो, हा अंधारात परसात जायला ताईला उठवायचा!

ताई एकदा सहज मला बघायला आली. बापाची वस्तू म्हणून. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. ती माझ्यासमोर आली आणि काचेला हात टेकून उभी राहिली. मग थेट प्राध्यापकांच्या खोलीत गेली.

"साहेब, हा कोट माझ्या भावाचा आहे. मला द्या. मातीला लावायचाय."

"आजी, अशा बऱ्याच बहिणी येतात."

"येत असतील. तुम्ही बाही उसवून बघा. आत चार बोटं माया आहे."

प्राध्यापकांचे डोळे पाणावले. "माया असणारच हो आजी. बहीण आहात तुम्ही."

"अहो, ती माया नव्हे!" ताई कपाळावर हात मारून म्हणाली. "शिवणीतली माया! कापड, कापड!"

एवढे ग्रंथ वाचलेला माणूस, पण अंगातला सदरा आत कसा दुमडलाय ते त्याला ठाऊक नव्हतं. ताईने स्वतःची बाही उलटी करून दाखवली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि प्रकाश पडल्याबरोबर त्यांना कार्यक्रम सुचला. विजयदिनाला, सगळ्या गावासमोर, अनाम वीराच्या बहिणीने कोट उसवून दाखवायचा. वीराला नाव मिळेल, बहिणीला कोट मिळेल, संग्रहालयाचा फोटो छापून येईल. ताईला फोटोशी काही देणंघेणं नव्हतं. तिला कोट मिळणार होता.

त्या दिवशी मला मंचावर उभं केलं. खाली गर्दी. भाषणं झाली, त्यांत 'रक्त' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी तो पाण्यासारखा वाटायला लागला. मग ताई उठली. तिने चष्मा पुसला, कातरीच्या टोकाने बाहीचे टाके अलगद काढले, जसे मास्तरांनी शिकवले होते तसे, कापडाला न दुखवता. शिवण उघडली. माया बाहेर आली. चांगली चार बोटं.

आणि मातकट.

वरून करडा, आतून मातकट. ती पट्टी तशी नवीकोरी होती, इतक्या वर्षांत तिला ना ऊन लागलं होतं ना रंग. ताई हसली. तिला खात्री पटली होती. तिने ती पट्टी गालाला लावली.

"बघा, आहे की नाही? आमच्या धाकट्याचाच!"

कुणीच टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या एका पेन्शनर सुभेदाराने बोट दाखवलं आणि ओरडला, "आत शत्रूचा रंग! हा हेर होता, हेर!"

आणि ज्यांनी आत्ताच त्या कोटाला वाकून मुजरे केले होते, त्यांच्या तोंडून 'हेर, हेर' निघायला लागलं. ताई हात वर करून सांगत होती, "अहो, आधी त्यांनी नेला, मग तुम्ही नेला! तो गेला नाही हो, त्याला नेला!" तिचं कोण ऐकतो? माणसांची किळस मला त्या दिवशी पहिल्यांदा आली, आणि ती अजून गेलेली नाही. गर्दी पांगल्यावर प्राध्यापक तिला हळू आवाजात म्हणाले, "आजी, गप्प बसला असतात तर वीर तरी राहिला असता."

"मला वीर नको होता," ताई म्हणाली. "कोट द्या."

"तो आता पुरावा आहे."

मग माझा दुसरा अवतार सुरू झाला. मिशा काढल्या, भुवया काळ्या रंगाने जाड आणि तिरप्या केल्या, डोळ्यांत लाल ठिपके घातले. काचेची पेटी एका सेनापतीच्या बुटांना दिली. मला दाराजवळ उघड्यावर ठेवलं आणि पाटी लावली: 'विश्वासघातकी.' शाळांच्या सहली येऊ लागल्या. बाहेर जाताना माझ्यावर थुंकायचं, असा पायंडा पडला. शिक्षक सांगायचे, "ढकलाढकली नको, रांगेत, एकेकाने." थुंकायलासुद्धा शिस्त! लहान पोरांना नीट थुंकता यायचं नाही, ती स्वतःच्याच सदऱ्यावर सांडायची, आणि मोठी त्यांना शिकवायची. मला शिसारी यायची ती थुंकीची नव्हे. पोरांची तोंडं घरून आलेली असतात तेव्हा स्वच्छ असतात.

आणि पलीकडे काय झालं म्हणाल? दाराशी बसणारा रखवालदार वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, त्यातून कळलं. पलीकडच्यांना बातमी लागताच त्यांनी जाहीर केलं की हा तर आमचा वाघ, शत्रूच्या गोटात शिरलेला. चौकात त्याचा पंचधातूचा पुतळा बसवला, छाती एवढी की त्यात आमचे दोन धाकटे मावले असते. त्यांनी कोट मागितला. यांनी नाकारला. नदीच्या दोन्ही काठांवर मोर्चे निघाले. दोघांपैकी एकालाही त्या पोराचा आवाज कसा होता ते माहीत नव्हतं.

ताई पुन्हा आली ती एका सहलीच्या मागोमाग. हातात कापडी पिशवी. रांगेत पोरांच्या मागे उभी राहिली. बाईंनी विचारलं, "आजी, तुम्हीही?"

"मलाही द्या की पाळी," ताई म्हणाली.

तिची पाळी आली. तिने पदराने कोटावरची थुंकी पुसली. वरपासून एकेक बटण काढलं, ती बटणं तिनेच लावलेली होती. मग कोट माझ्या अंगातून काढला आणि स्वतःच्या अंगात घातला. तो तिला गुडघ्यापर्यंत आला. पोरं बघत राहिली. बाईंना वाटलं, कार्यक्रमातलंच काहीतरी असेल. ताई दाराकडे चालू लागली.

दारात रखवालदार उठून उभा राहिला. जाणाऱ्याची पिशवी तपासायची, एवढाच त्याला हुकूम. त्याने कोटाकडे पाहिलं, छातीच्या भोकाकडे पाहिलं.

"मावशी, पिशवी दाखवा," तो म्हणाला.

ताईने पिशवी उघडली. रिकामी होती.

"जा," तो म्हणाला, आणि त्याने दार धरून ठेवलं.

नंतर चौकशी झाली. रखवालदाराने शपथेवर सांगितलं की पिशवीत काही नव्हतं, आणि ते खरंच होतं. मास्तरांच्या शेजारची जागा आता रिकामी नाही, हेही त्यानेच मला एकदा झाडू मारता मारता ऐकवलं. माती सपाट केलीय म्हणाला, वर दगड नाही, नाव नाही. म्हणजे कुणी शोधायला येणार नाही. तेवढंच एक ऐकून मला बरं वाटलं.

मला वाटलं, आता माझी सुटका. कसली सुटका! प्राध्यापकांनी बाजारातून करडं कापड आणवलं. नवा कोट शिवून घेतला, चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला, छातीला विडीने भोक पाडलं आणि बाहीची शिवण उघडून आत मातकट पट्टी चिकटवली. तीसुद्धा डिंकाने! पलीकडेही म्हणे हल्ली एक कोट काचेत ठेवलाय, अस्सल म्हणून.

मी लाकूड आणि कापड, मला हातपाय नाहीत, हा डिंकाचा कोट मी अंगावरून फेकू शकत नाही. वाचणाऱ्यांनो, तुम्हाला हातपाय आहेत. मला एकदा इथून हलवा. एखाद्या शिंप्याच्या दारात ठेवा, पावसात ठेवा, चुलीत घाला, काहीही करा, पण या दारातून काढा.

काल पुन्हा एक सहल आली. रांगेतली एक चिमुरडी माझ्यासमोर आली आणि थबकली. डिंकाच्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं, तिने ते बोटाने उचलून पाहिलं आणि विचारलं, "बाई, हा कोट खरा आहे?"

"खरा नसता," बाई म्हणाल्या, "तर आपण त्यावर थुंकलो असतो का? चल, आटप."

आणि ती थुंकली.