समोरून शिकलेली गिटार

माणूस गेला की त्याच्या बायकोने रडावं, यासाठी आमच्या लालबागच्या चाळीत चोख व्यवस्था आहे. शेजारणी येऊन बसतात, पाठीवरून हात फिरवतात आणि डोळ्यांकडे टक लावून बघत राहतात. अजित गेला तेव्हा चहा शेजारून आला आणि त्यात बिनसाखरेचा कोणाला द्यायचा, हे मीच सांगत होते. रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

"रडान घे गो एकदा. छाती हलकी होतली," सासूबाई म्हणायच्या. माझी छाती हलकीच होती. आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतकी हलकी. मी कामावर जात होते, भाजी आणत होते, लाइट बिल भरत होते. लोक म्हणाले, दर्शना खंबीर आहे. लोकांना काय, काहीतरी म्हणायचंच असतं.

अजित कुरियरच्या ऑफिसातून आला की हातपाय धुऊन पलंगावर बसायचा आणि गिटार घ्यायचा. प्लास्टिकच्या पट्टीने खाडखाड वाजवणं त्याला आवडायचं नाही. अंगठा जाड तारांवर, बाकीची बोटं बारीक तारांवर, असं हळूहळू छेडायचा. त्याची स्वतःची एक चाल होती, तिला नावगाव काही नव्हतं. ती झाल्याशिवाय तो जेवायला उठायचा नाही. मी समोर जमिनीवर, ओट्याला पाठ लावून सुकट निवडत असायचे.

त्या चालीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग आहे. ते मी ऐकलं. चालीपेक्षा पंख्याचाच आवाज जास्त येतो.

म्हणून मी ठरवलं, वर्षश्राद्धाला ती चाल आपण वाजवायची. घरात सगळ्यांना सांगूनही टाकलं. ती माझ्या बोटांतून निघाली तर माझ्या आत काहीतरी हलेल, एवढीच आशा होती. आणि वर्षश्राद्धालाही मी कोरडीच राहिले तर पुढे जन्मभर अशीच राहणार, ही भीती होती.

बढाई नव्हती ती. त्याचं कुठलं बोट कुठे जातं, हे मला पाठ होतं. इतकी वर्षं दुसरं काय बघितलं होतं मी? कामावरून आले की रोज गिटार घेऊन बसायला लागले. बोटांची टोकं टणक झाली. तव्यावरची भाकरी उलटताना चटका लागेना. पण चाल काही येईना. बोटं त्याची आणि सूर भलतेच. गिटारच बिघडली असणार, असं माझं मत झालं. वर्षश्राद्ध रविवारी होतं. मंगळवारी ती गिटार उचलून मी माझगावला अ‍ॅग्नेलो सरांकडे गेले. ते घराच्या व्हरांड्यात गिटार शिकवतात आणि दुरुस्तही करतात.

"काय होतंय हिला?" त्यांनी खुंट्या पिळून सूर लावला. "ही तर एकदम ठीक आहे. वाजवून दाखवा."

मी गिटार मांडीवर घेतली. सरांनी चष्मा वर केला.

"तुम्ही लेफ्टी आहात?"

"नाही."

"मग दांडी उजव्या हातात का धरली?"

"अशीच धरतात ना. अजित... माझे मिस्टर अशीच धरायचे."

सर गिटार घेऊन माझ्या समोर बसले. "आता बघा. दांडी कुठल्या बाजूला दिसते?"

"उजव्या."

"तुमच्या उजव्या. माझा हा हात डावा आहे बाई. आरशात बघून शिकल्यासारखं झालंय तुमचं. शेजारी बसून नाही बघितलं कधी?"

नाही बघितलं. खोली एक, तीत सासूबाई. नवीन लग्न झालेलं असताना त्यांच्यादेखत नवऱ्याला लागून पलंगावर बसायची लाज वाटायची. पुढे लाज गेली, पण जागा तीच राहिली. तो वर, मी खाली समोर. एकदा तरी 'इथे येऊन बस' म्हणायला त्याचं काय जात होतं? आणि मला तरी उठायला काय झालं होतं? मला संताप आला. तोही लगेच विझला.

"रविवारी वाजवायचंय मला," मी म्हटलं.

सरांनी माझ्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं दाबून बघितली. "रविवारपर्यंत सरळ हाताने नाही जमणार. पण तुमची बोटं तयार आहेत. आपण तारांची उलटापालट करू. वरची खाली, खालची वर. मग तुम्ही आहात तशाच वाजवा. चाल येईल."

"करा."

ते एकेक तार काढत गेले. सगळ्या निघाल्यावर त्यांनी दांडी फडक्याने पुसली आणि एकदम थांबले. मग गिटार उजेडाकडे तिरकी धरली.

"हात लावा इथे."

काळ्या लाकडात बारीक खळगे होते. एक इथे, एक जरा वर, एक त्याच्या पलीकडे. तारा असताना कधी दिसले नव्हते.

"ही तुमच्या मिस्टरांची बोटं," सर म्हणाले. "एकाच जागी वर्षानुवर्षं दाबलं की लाकूड झिजतं. तीन तारा एकदम दाबायच्या सी कॉर्डची जागा आहे ही. खूप आवडायचा वाटतं त्यांना."

"तारा उलट्या लावल्या तर माझी बोटं कुठे पडतील?"

"दुसऱ्या कडेला. तिथे लाकूड कोरं आहे."

मी त्या खळग्यात बोट ठेवून बसले. रविवार, घरी येणारे पाहुणे, मी सगळ्यांना दिलेला शब्द, सगळं मला माहीत होतं.

"होत्या तशाच लावा," मी म्हटलं.

"रविवारचं राहील मग."

"राहू दे."

सरांनी जुन्या तारा जागच्या जागी चढवल्या, सूर लावला आणि मला बाकावर स्वतःच्या शेजारी बसवलं. दांडी डाव्या हातात दिली. माझा डावा हात अगदीच अडाणी होता, त्यातलं एकही बोट ऐकेना. त्यांनी एकेक बोट धरून जागेवर नेलं. "हा सी. दाबा. अजून जोरात."

तार बोटात रुतली. उजव्या हाताला इतके महिने काही कळत नव्हतं, पण ही बोटं कोवळी होती. कळ थेट कोपरापर्यंत गेली. तारेसकट बोट टेकलं ते त्याच्या खळग्यात. खळगा माझ्या बोटापेक्षा रुंद होता.

"दुखतंय?" सरांनी विचारलं. "सोडा थोडा वेळ."

मी सोडलं नाही. फार दुखत होतं. मला अजित हवा होता. हे वाक्य वर्षभर मनात आलंच नव्हतं. ते आता आलं आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी गिटारवर पडायला लागलं. सरांनी फडकं पुढे केलं. लाकूड ओलं होऊ देऊ नका, म्हणाले.