साळुबाईंच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज

मित्रांनो, खडूच्या तुकड्याएवढा, दोन्ही टोकांना चकचकीत टोप्या घातलेला मी एक जळालेला फ्यूज आहे. माझे पांढरे अंग चिनी मातीचे. पोटातून एक बारीक तार जाते. वीज प्रमाणाबाहेर वाढली, की त्या तारेने स्वतः वितळून तिची वाट बंद करायची, हेच आमचे काम.

साध्या काचेच्या फ्यूजपेक्षा मी थोडासाच महाग होतो. ‘याने गाण्याचा आवाज खुलतो’ असे माझ्या पाकिटावर छापले होते. त्यामुळे अवसरी बुद्रुकला मी जरा ऐटीतच आलो.

तिथे साळुबाईंचा जुना, कॅसेटवाला अ‍ॅम्प्लिफायर फ्यूज उडून बंद पडला होता. साळुबाईंना कमी ऐकू येते. टीव्हीचा त्यांना नुसता गलका वाटे. पण या अ‍ॅम्प्लिफायरवरचे भजन मात्र शब्द न् शब्द समजे. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला तर तसा आता मिळणार नाही, असे मंचरच्या मेकॅनिकने बजावले होते.

त्यांचे यजमान भिमाजी विहिरीवरच्या मोटारीला टाकतात ती जाड तार घेऊन आले. “ही टाकतो. परत उडायची बातच नाय.”

“आबा, फ्यूज उडला नाय तर मशीन जळंल,” त्यांची सून आरती म्हणाली. “मग आत्याबाईंनी काय ऐकायचं? तुमची बडबड?”

“ती ऐकू येत न्हाई तेच बरंय गं,” साळुबाई म्हणाल्या.

आरतीने मी आणि एक साधा काचेचा, असे दोन फ्यूज मागवून ठेवले होते. तिने प्लग काढला. फ्यूज धरणाऱ्या गंजलेल्या पकडी घासल्या, जुन्या फ्यूजवरचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहिला आणि मला बसवले.

“तबला कसा मोकळा वाजतोय!” साळुबाई म्हणाल्या.

“गंज घासला म्हणून. फ्यूज काय तबला वाजवतो व्हय?” भिमाजी हसले.

आरतीने मग साळुबाईंना पाठमोरे बसवले. दर वेळी प्लग काढून एकदा मला, एकदा तो साधा फ्यूज लावला.

“दोन्ही ग्वाड,” साळुबाई म्हणाल्या.

माझी सगळी ऐट उतरली. तरी आरतीने मलाच ठेवले. पुढे मी रोज संध्याकाळी मुकाट्याने काम केले. तो तबला, ती टाळांची लय माझ्या शेजारून जायची. काय सुरेख यंत्र होते ते!

एके दिवशी गेलेली वीज परत आली ती भलत्याच जोराने. दिवे भगभगले. माझ्या पोटातली तार वितळली आणि भजन थांबले.

साळुबाईंनी मशीनवर हात ठेवला. “गेलं का गं माझं?”

दिवे नेहमीसारखे झाल्यावर आरतीने प्लग काढून मला बाहेर घेतले. “आत्याबाई, हा गेला. मशीन शाबूत हाय.”

भिमाजींनी मला तळहातावर घेतले. “लई गुणाचा निघाला राव! आरती, असलाच आणखी एक मागव.”

मित्रांनो, जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार कधी कोंबू नका. मोठ्या माणसांना सांगा, त्याच आकड्याचा फ्यूज लावा. साधा असला तरी चालेल. आमच्यापैकी एकाने जळावे आणि घरातले मोलाचे काही वाचावे, यात आम्हाला दुःख नाही.

आरतीने तोवर तो साधा काचेचा फ्यूज बसवला. भजन थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. आजवर मी ते आतूनच ऐकले होते. भिमाजींच्या तळहातावरून मी ते पहिल्यांदाच बाहेरून ऐकले.