घर कोपऱ्याला

सणसरच्या अलीकडच्या वाडीत गायरानावर नवी वसाहत मंजूर झाली आणि ग्रामसभा दोनदा उधळली. भांडण दोन्ही वेळा एकच, कोपऱ्याचं घर कुणाला. कोपऱ्याला दोन रस्ते, म्हणजे दुकानाला दोन्हीकडून गिऱ्हाईक. सत्त्याण्णव साल होतं, ज्याला भिंत होती त्याला दुकान काढायचं होतं.

सरपंच दत्तोबांनाही काढायचं होतं, चहाचं. पण सरपंचाला असलं बोलून दाखवता येत नाही. म्हणून त्यांनी नकाशाचं काम बारामतीच्या आपल्या आर्किटेक्ट भाचीला, उत्कर्षाला दिलं. ती स्वतः रेघोट्या मारत बसत नसे. कॉम्प्युटरला नियम सांगायचे, मग तो घराला घर, गल्लीला गल्ली जोडत गाव वाढवत न्यायचा. दार रस्त्याकडं हवं, एकाची मोरी दुसऱ्याच्या दारात नको, असं बरंच तिने आधीच भरून ठेवलं होतं.

दत्तोबांनी खुर्ची जवळ ओढली. "सरपंचाचं घर कोपऱ्याला, येवढं टाक."

"मामा, याला सरपंच कळत नाही. घर कळतं."

"मग घर कोपऱ्याला, असं टाक की. आपल्याला घराशी मतलब."

उत्कर्षाने मामांच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि टाकलं. प्रिंटर बराच वेळ करकरला. दत्तोबांनी कागदाची गुंडाळी मांडीवर घेऊन एसटीने गाव गाठलं आणि भरल्या सभेत ती भिंतीला लावली.

सभा उठून भिंतीजवळ सरकली. चार-चार घरांचे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याला चारी बाजूंनी रस्ता, घराघरावर यादीप्रमाणे नाव. म्हस्कूने बोट फिरवत आपलं नाव शोधलं, ते कोपऱ्याला होतं. मग त्याने बांधावरून कोर्टात खेचलेल्या गेणूचं शोधलं, तेही कोपऱ्याला. दत्तोबांचंही कोपऱ्यालाच होतं, तेव्हा तक्रार करावी तर कशाची?

ठराव एकमताने झाला. गेणू डोळे पुसत म्हणाला, "सरपंच असून दत्तोबांनी सोतासाठी काय न्हाय मागितलं." दत्तोबांनी मान खाली घालून हार घालून घेतला. लोकांना तो विनय वाटला.

वसाहत झाली, आणि कोपऱ्याकोपऱ्याला चहा उकळू लागला. गिऱ्हाईक कुठून यायचं, हा नियम कुणी टाकलाच नव्हता. दत्तोबा दिसले की मात्र प्रत्येक जण कप पुढं करी, आणि त्यांच्याकडून पैसे घेणं सगळ्यांनाच पाप वाटे.

दत्तोबांच्या बायकोने, शकुबाईने तर नवी किटली केव्हाच आणून ठेवली होती. तिने एके दिवशी नवऱ्याला विचारलंच, आपलं दुकान उघडायचं कधी?

"उघडू की," दत्तोबा चपला घालत म्हणाले, "आधी ह्या लोकांचा तर पिऊन होऊ दे."