चिठ्ठीत निघालेली बाजू

लिट्लटन बॅस्कम कॉलेजात शिकायला निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याच्याबरोबर एक घोडा, दोन पेट्या आणि मला पाठवलं. व्हर्जिनियातल्या बड्या घरच्या पोरांबरोबर असा एखादा गुलाम असायचाच. रोज सकाळी मी त्याची दाढी करायचो आणि तो वादसभेत करायचं भाषण मला म्हणून दाखवायचा. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं, ते तिथे चिठ्ठ्या टाकून ठरायचं.

त्या वसंतात विषय होता, गुलामांना सोडावं की नाही. त्याला 'सोडावं'ची चिठ्ठी आली.

आठवडाभर तेच चाललं होतं. देवाने सगळ्यांना सारखंच घडवलंय, लेकरू आईबापापासून तोडतो तो माणूसच नव्हे, असं बरंच. तिथे आलं की त्याचा गळा दाटायचा आणि मला वस्तरा उचलून थांबावं लागायचं. माझी लेक त्याच्याच वडिलांनी दूर जॉर्जियात विकली होती.

तो जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गालाला साबण लावताना मी म्हटलं, "मालक, मग माझं कसं करायचं?"

"तुझं काय?" तो हसला. "खुळा आहेस का, केटो? चिठ्ठीत आलं ते बोललो. पाणी गार झालंय, बदल."

मी पाणी बदललं.

पानगळीत तोच विषय पुन्हा निघाला. या खेपेला त्याला दुसरी बाजू आली. गुलामाला सोडणं म्हणजे पोरक्या लेकराला रस्त्यावर टाकणं, असं तो म्हणायचा. तिथे आलं की त्याचा गळा दाटायचा आणि मला वस्तरा उचलून थांबावं लागायचं.