नऊ वर्षं राहिलेली पेनल्टी

मुश्ताकभाई आमचे हेडक्लार्क. त्यांच्या सहीशिवाय शारजातल्या आमच्या कंपनीत कुणाला फॅमिली क्वार्टर मिळत नसे. माझा अर्ज तीन महिने त्यांच्या टेबलावर पडून होता आणि माझी बायको अजरा हर्णैला पेटी बांधून बसली होती. हेच मुश्ताकभाई सत्तावन्न साली भायखळ्याच्या कॉलेजचे फुटबॉल कॅप्टन होते आणि मी डोंगरीच्या कॉलेजचा गोलकीपर. आता बोला!

त्या वर्षीची फायनल कुणी विसरलेलं नाही. बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि रेफ्रीने आमच्या युसुफवर हँडबॉल दिला. युसुफ म्हणजे अजराचा सख्खा भाऊ. चेंडू छातीला लागला, असं तो बिचारा शपथेवर सांगत होता. मुश्ताकभाईंनी पेनल्टीसाठी चेंडू ठेवला, तेवढ्यात दोन्हीकडची पोरं मैदानात घुसली, खुर्च्या उडाल्या, पोलीस आले. पेनल्टी राहिली ती राहिलीच. दोन्ही कॉलेजांतले बरेच जण पुढे आमच्याच कंपनीत आले, तरी शारजातही दर ईदला बिर्याणीच्या ताटावर तेच भांडण. भायखळा म्हणे, गोल झालाच असता. डोंगरी म्हणे, अडवलाच असता.

सहासष्टच्या बकरी ईदला मुश्ताकभाईंनी जाहीर करून टाकलं, "खलास! उद्या दुपारच्या नमाजनंतर ती पेनल्टी घेऊनच टाकू. एक किक, बस."

मग मला बाजूला घेतलं. "जहूर, एक क्वार्टर खाली होतंय. ईदनंतर तुझ्या फॉर्मवर साइन करीन, इन्शाल्ला. तू समझदार आहेस."

माझं डोकं फिरलं, पण तोंडातून ‘जी’ निघालं. त्या ‘जी’ची मला अजून लाज वाटते.

खोलीवर अन्वर, आमच्याच कॉलेजचा, तोही तेच सांगू लागला. "यल्ला, चल, सोपं आहे. ते नेहमी कीपरच्या उजवीकडे मारतात. तू डावीकडे उडी मार. एका गोलमध्ये बीवी येते, कुणाला कळणार?"

"तिकडे हर्णैला युसुफला कळेल," मी म्हटलं. "त्याच्यावरचा आळ मी माझ्या हाताने पक्का करू?"

दुसऱ्या दिवशी खाडीजवळच्या सपाट जमिनीवर सगळे जमले. गोल म्हणजे तेलाची दोन पिंपं. ऊन रणरणत होतं आणि वाळूत शिंपल्यांचे तुकडे होते. मुश्ताकभाई नवेकोरे बूट घालून आले.

मी पुढे झालो. "बूट काढा, मुश्ताकभाई. त्या फायनलला आपण सगळे अनवाणी होतो."

उशिरा आलेल्या प्यूनकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण भायखळ्याची माणसंही बघत होती. मुश्ताकभाईंनी बूट काढले. खुर्चीत बसून तळपाय मऊ पडले होते, वाळू लागताच ओठ आवळले. तरी धावले, आणि मारली. माझ्या उजवीकडे, खाली.

मी उजवीकडेच झेपावलो. चेंडू दोन्ही तळव्यांवर आदळला. कोपर सोलून निघालं, तोंडात वाळू गेली आणि मी पडल्यापडल्या ओरडलो, "युसुफ!"

"तू आधी हललास," बुटांच्या नाड्या बांधत मुश्ताकभाई म्हणाले.

"मग परत घ्या. दहा वेळा घ्या."

त्यांनी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी माझा अर्ज परत आला. क्वार्टर उपलब्ध नाही. ते भायखळ्याच्या एकाला मिळालं होतं.

मी अजराला सगळं खरं लिहिलं. लिहिताना रडू आलं. बायकोपेक्षा चेंडू मोठा केला, असं तिला वाटलं तर? महिनाभर मला धड जेवण गेलं नाही.

मग तिचं पत्र आलं.

"युसुफभाईंनी तुमचं पत्र मला दोनदा वाचायला लावलं. क्वार्टर नाही तर नाही. तिथे खजुरीच्या झावळ्यांची घरं असतात म्हणे, त्यातलं एखादं बघा. झावळ्यांखालीच मी लहानाची मोठी झाले. पेटी मी सोडलेली नाही. आणि त्या मुश्ताकभाईंना सांगा, पुढल्या ईदला किक परत घ्या. मी गोलच्या मागे उभी असेन."