बासष्ट वेढ्यांची सुट्टी

रामनवमीच्या दिवशी दुपारी पावणेबाराला फोन वाजला तेव्हा कल्याण मिस्तरी चौपन्नाव्या वेढ्यावर होता.

वडीगोद्रीत हायवेला लागून त्याचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे, आणि कल्याण त्यातली जळकी तार काढून नवी भरून द्यायचा. एप्रिल म्हणजे त्याच्या धंद्याची सुगी. व्होल्टेज पडतं, मोसंबीला पाणी तर द्यावंच लागतं, मोटारी जळतात. त्या दिवशी दारात अकरा मोटारी पडल्या होत्या आणि अकरा जणांना आपलीच आधी पाहिजे होती.

नवी तार हाताने फिरवायच्या मशीनवर गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. बासष्ट म्हणजे बासष्ट. चार-पाच कमीजास्त झाले की मोटार तापते आणि पुन्हा जळते. मशीनवरचा आकडे दाखवणारा डबा कधीच बिघडला होता. कल्याणचा भरवसा स्वतःच्या तोंडावर. त्यामुळे मोजताना तो कोणाशी बोलत नसे. कोणी समोर आलंच, तर तार धरलेल्या डाव्या हाताचं एक बोट वर करायचा. थांब. सगळ्या वडीगोद्रीला ते बोट माहीत होतं.

फोनवर नाव दिसलं, दैवशाला. त्याची बायको. सकाळीच गावातल्या बायांबरोबर जीपने जांब समर्थला रामाच्या दर्शनाला गेली होती, दर रामनवमीला जायची तशी. कल्याणने फोनकडे बघून बोट वर केलं. फोनला काय दिसतंय, पण सवयच तशी. रिंग बंद पडली, पुन्हा सुरू झाली. एकोणसाठ. पुन्हा बोट. बासष्ट झाल्यावर त्याने तारेला पीळ दिला, हात पुसले आणि तिसऱ्यांदा वाजणारा फोन उचलला.

"हां, बोल जल्दी."

आवाज दैवशालाचा नव्हता. शेजारच्या उषाबाईचा होता.

"भाऊजी, फोन का उचलून न्हाई राह्यले? दैवशाला देवळाच्या पायरीवर बसली, पाणी द्या म्हणली, अन् तशीच गेली हो."

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय एकदम बंद पडलं, कोणाच्या हातात काही नव्हतं. पहिला फोन लागला तेव्हाच ती गेलेली होती. कल्याणला ते पटलं. पण बोट काही डोक्यातून गेलं नाही. सत्तावीस वर्षं रोज दुपारी ती डबा घेऊन दुकानात यायची, आणि रोज तो बोट वर करायचा. ती काही न बोलता डबा ठेवायची आणि बाहेर जायची. बाहेर कुठे जायची, काय करायची, त्याने कधी विचारलं नव्हतं. वेढे संपले की तो हाक मारायचा, ती यायची, तो जेवायचा, ती रिकामा डबा घेऊन घरी जायची. सत्तावीस वर्षांत त्यांचं दुपारचं बोलणं म्हणजे "मीठ कमी हाये" आणि "उद्या घालते".

तेरावं झालं. लेक वंदना जालन्याहून आली होती. ती म्हणाली, "पप्पा, चला माझ्याकडं. इथं एकटे काय करताल?"

"मोटारी पडल्यात बाई दारात."

"आईलाबी तुम्ही हेच सांगायचे."

वंदनाने ते रागाने म्हटलं नव्हतं. तरी कल्याणला वाटलं, हिने बरोबर जागेवर बोट ठेवलं.

वंदना गेली आणि तो दुकानात बसला. मशीन फिरवायला लागला. पन्नास, एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चौपन्न. आणि चौपन्नला हात थांबला. पुढचा आकडा तोंडात येईना. त्याने तार उलगडली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा चौपन्नला तसंच. तिसऱ्या वेळी त्याने अंदाजाने मशीन फिरवलं आणि म्हटलं, झाले असतील बासष्ट.

नव्हते झाले. आदिनाथची मोटार आठ दिवसांत परत आली. आदिनाथची दीडशे झाडं मोसंबी होती आणि जीभ तिखट होती.

"मिस्तरी, मोटार भरली व्हती का चुलीत घातली व्हती?"

ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याला आपण टोमणा मारला हे आदिनाथच्या ध्यानात आलं आणि तो खाली बघत म्हणाला, "राहू द्या. सावकाश करा. पण मोसंबी वाळून राह्यली, एवढं लक्षात ठेवा."

मे महिना लागला. अशा तीन मोटारी परत आल्या. तालुक्यात लोक आपापसात बोलायला लागले की कल्याणचा हात गेला. त्याला त्याचं फार वाटत नव्हतं. त्याला एकच प्रश्न होता आणि तो विचारायचं माणूस उरलं नव्हतं. आपल्या घरात त्या बाईने सत्तावीस वर्षं काढली. त्यात तिच्या वाट्याला तिचं असं काही आलं का? की नुसतं बोट बघण्यातच गेली सगळी?

दुकानाला लागून गोजरबाईचं चहाचं पत्र्याचं हॉटेल होतं. गोजरबाई सत्तरीची, नवरा नाही, तोंड चालू. एकोणीस वर्षं शेजारी. पण कल्याण तिच्या हॉटेलात कधी बसला नव्हता. पत्र्याला मध्ये चौकोनी भोक पाडलेलं होतं, त्यातून चहा इकडे यायचा आणि कप तिकडे जायचा. त्या भोकातून एका दुपारी चहाच्या ऐवजी गोजरबाईचं तोंड आलं.

"कल्याण, इकडं ये."

"मावशी, काम हाये."

"कशाचं काम? चौपन्नपर्यंत मोजतो अन् थांबतो. मला इथून ऐकू येतं. ये इकडं. पत्रे बदलायचेत मला, मागची जागा खाली करायचीय. तुझ्या बायकोचं सामान उचलून घेऊन जा."

"तिचं कसलं सामान?"

"ये म्हणलं ना."

हॉटेलाच्या मागे लिंबाचं झाड होतं आणि झाडाखाली एक बाज. बाजेजवळ एका जुन्या मोटारीचं रिकामं बिडाचं कवच उभं ठेवलेलं होतं. कल्याणने ते ओळखलं. भंगारात टाकलं होतं आणि सापडत नव्हतं. त्यात माती भरून बाभळीची एक वाळलेली फांदी रोवली होती. फांदीवर पक्षी होते.

तांब्याच्या तारेचे पक्षी. अंगठ्याएवढे, मुठीएवढे. चिमण्या, साळुंक्या, होले, मान आखडून बसलेला एक बगळा. सुगरणीचा एक खोपा, त्याला खालून बारीक भोकसुद्धा. कल्याणने एक चिमणी हातात घेतली. जळकी तार होती, त्याच्याच दुकानातली. चिंचेने घासून लख्ख केलेली. जळलेली तार मऊ पडते, वळवाल तशी वळते, हे त्याला माहीत होतं. त्याने मात्र ती कधी वळवली नव्हती, नुसती पोत्यात भरली होती.

"हे तिनं केलं?"

"न्हाई, मी केलं! मला कप नीट धरता येईना." गोजरबाई बाजेवर बसली. "मनासारखा न्हाई झाला तर मोडायची, तरी एकतीस हायेत. मोजून घे. पण तुझ्या मोजण्याचा आता काय भरवसा."

"कधी करायची?"

"कधी म्हणजे? तू बोट वर केलं का यायची की इकडं. हसत यायची. म्हणायची, मावशी, लागली माझी सुट्टी."

कल्याण उभाच राहिला.

"एका मोटारीला किती येळ मशीन फिरवतो रे तू?"

"अर्धा तास. पाऊण तास."

"मंग तेवढा येळ ती इथं. बासष्ट झाले का पुन्हा एक, पुन्हा बासष्ट. तू तिकडं मोजायचा, ती इकडं तार वळायची. तुझा आवाज पत्र्यातून यायचा, त्यावर तिचं ध्यान. शेवटच्या खेपेचं साठ ऐकलं का तार ठेवायची, हात धुवायची, पदर नीट करायची. तू हाक मारली का दारात हजर. जशी काय उन्हात उभी व्हती बिचारी!" गोजरबाई खळखळून हसली. "अन् एखाद्या दिवशी तू मोकळा बसलेला दिसला तर तिचं तोंड एवढुसं व्हायचं. इकडं येऊन म्हणायची, आज मोटारच न्हाई मावशी, आज काही सुट्टी न्हाई."

कल्याण बाजेच्या कडेला बसला. त्याच्या नाकातून आधी एक आवाज आला, रडल्यासारखा. मग कळलं की तो हसतोय. मेलेल्या बायकोचं एवढुसं तोंड त्याला समोर दिसलं. त्याला वाटायचं, उन्हातून चालत आली म्हणून तिचं तोंड उतरलंय.

"घरी का न्हाई केलं तिनं?"

"घरी सासू व्हती, तुझी आई, ती असेस्तोवर. मंग वंदी, मंग म्हशी. घरी बाई बसलेली दिसली का कोणीतरी काम सांगतंच. इथं कोण सांगणार? मी तर हिलाच चहा पाजायची."

"मला एकदाबी बोलली न्हाई."

"बोलली असती तर तू काय म्हणला असता? खरं सांग."

कल्याणने खरंच विचार केला. "म्हणलो असतो, एवढं तांबं कुठून आणलं."

"बस्स."

मग त्याने जे विचारायचं होतं ते विचारलं. "मावशी, माझ्यावर राग व्हता का तिचा?"

"व्हता की. लेकीला बारावीनंतर शिकू दिलं न्हाई, त्याचा लई व्हता. घरी आल्यावर भिंतीसारखा बसतो, त्याचा व्हता. तुझ्या तोंडावर कशाला खोटं बोलू?" गोजरबाईने पदराने घाम पुसला. "पण बोटाचा न्हाई. बोट तर तिला आवडायचं."

कल्याणला छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. महिनाभर त्याला पूर्ण श्वास आला नव्हता. तो आता आला. वंदीच्या शिक्षणाचं खरं होतं, भिंतीचं खरं होतं, ते त्याच्याकडेच राहणार होतं. पण ते त्याला उचलता येण्यासारखं होतं. बोटाचं उचलता आलं नसतं.

त्या संध्याकाळी त्याने परतूरला भंगारवाल्या सुरजमल शेठला फोन लावला. जळकं तांबं शेठ न्यायचे, आणि दर खेपेला कल्याणच्या काट्यावर भरलेलं वजन शेठच्या काट्यावर थोडं कमी भरायचं. कारण दोन्ही वजनांच्या मध्ये पोतं चार-आठ दिवस दुकानाच्या मागे पडून असायचं. त्यावरून दोघांचं दर वर्षी वाजायचं.

"शेठ, तुमचा काटा बराबर व्हता."

"अरे बाबा, अकरा साल झाले, मी दुसरं काय बोलतो? आज कसं कळलं?"

"आमच्या घरचीनं चिमण्या केल्या त्याच्या."

शेठना दैवशाला गेल्याचं माहीत होतं. "चांगल्या झाल्या का?"

"बिलकुल खऱ्या वाटतात."

"मग जाऊ दे," शेठ म्हणाले. "मला मात्र तुम्ही लई शिव्या दिल्या, मिस्तरी."

दुसऱ्या दिवशी कल्याण मशीनवर बसला. चौपन्नला हात जड झाला. पण पत्र्यापलीकडे कोणीतरी हे आकडे ऐकत बसायचं, हे आता त्याला माहीत होतं. त्याने जरा मोठ्याने मोजलं. पंचावन्न. छप्पन्न. साठला तो क्षणभर थांबला, तिला हात धुवायला वेळ मिळावा एवढा. मग एकसष्ट, बासष्ट. पत्र्याच्या भोकातून चहा आला.

आदिनाथची पुन्हा भरलेली मोटार चालली. तिचं पाणी मोसंबीला मिळालं. पण आदिनाथला बोलायला कारण लागतंच. पुढच्या आठवड्यात भावाची मोटार घेऊन आला, तर दुकान उघडं आणि माणूस नाही. तीन वाजले होते. तो हाका मारत हॉटेलाच्या मागे आला, तर मिस्तरी बाजेवर बसलेला, मांडीवर तार, हातात पकड.

"मिस्तरी! तिकडं मोटार पडली, अन् तुम्ही खेळून राह्यले का इथं?"

कल्याणने मान वर केली नाही. डाव्या हाताचं एक बोट वर केलं.

आदिनाथ थांबला. करतो काय! गोजरबाई आतून ओरडली, "बस रे आदिनाथ, अर्धा तास लागतो त्याला. चहा घे."

कल्याणच्या मांडीवर बत्तिसावा पक्षी होता. तो फांदीवर नव्हता. बाजेखाली फडक्यात बांधून ठेवलेला सापडला होता. नुसतं अंग आणि डोकं. कुठला पक्षी ते त्याला दोन दिवस कळलं नव्हतं. मग फडक्याच्या टोकाला गाठीत पिवळ्या स्लीव्हचे दोन तुकडे मिळाले, तारेच्या सांध्यावर घालतात त्या नळीचे, सारख्या मापाने कापलेले. लांब पिवळे पाय. टिटवी. गोजरबाई म्हणाली, रामनवमीच्या आदल्या दिवशी फडकं बांधताना दैवशाला म्हणाली होती, जांबहून आले का पाय लावते.

कल्याणने जळक्या तारेचे पाय केले. मऊ पडले, टिटवी तोंडावर आपटली. नव्या तारेचे केले, ते कडक होते पण स्लीव्हमध्ये बसेनात. मग दोन जळक्या तारा एकत्र पिळून पाहिल्या. थोडी उभी राहिली, मग एका बाजूला कलली. कुठे चुकतंय ते दैवशालाला कळलं असतं. त्याला अजून कळत नव्हतं.

संध्याकाळी वंदनाचा फोन आला. "पप्पा, काय करून राह्यले?"

"टिटवीला पाय लावून राह्यलो."

"कोणाला?"

"ये एकदा. दाखवतो. तुझ्या आईचं सगळं इथंच हाये." त्याने हातातली टिटवी फडक्यावर ठेवली. "अन् मला तुझ्याशी तुझ्या शिक्षणाचं बोलायचंय. तेव्हाचं."

मग वंदना म्हणाली, "येते. या रविवारी न्हाई, पुढच्या."

रविवार अजून लांब आहे. कल्याण रोज तीन ते साडेतीन लिंबाखाली बसतो. टिटवीचे पाय अजून व्हायचे आहेत, आणि वंदनाशी बोलणं व्हायचं आहे.