न शिकवलेला शब्द

गॅरेजमध्ये त्यांना सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. गाडीखाली पाठ टेकून काम करत असले, तरी खालून बातम्या चालूच. कुठं पूल खचला, कुणाचं सरकार डळमळलं, कोणत्या थेटरात कोणता सिनेमा लागला. ‘‘अरे, जरा आवाज कमी करा त्याचा,’’ असं कुणी ओरडलं की सगळ्यांत मोठ्यानं तेच हसायचे.

मग एका सकाळी दाढी करता करता ते मटकन खाली बसले. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात हळूहळू वळणावर आला, पण जीभ काही येईना. दुसऱ्याचं बोलणं सगळं कळायचं. स्वतः काही सांगायला गेले की एकच शब्द बाहेर पडायचा, ‘‘हेच.’’ पाणी हवं असलं तरी हेच, दिवा घालवायचा असला तरी हेच. रागावले की तेच मोठ्यानं.

बोलायला शिकवणारी एक थेरपिस्ट चित्रं घेऊन घरी यायची. ती गेल्यावर संध्याकाळी बायको उजळणी घ्यायची.

‘‘अहो, इकडं बघा. हा काय? क...’’

‘‘क... कप.’’

‘‘शाबास! साठी उलटली आणि आत्ता कुठं बालवाडीत पास झालात.’’ ते हसायचे. तीही हसायची, आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं आत जाऊन डोळे पुसायची.

नात्यांची नावं लवकर परततात, घरच्यांचे फोटो दाखवत जा, असं थेरपिस्टनं सांगितलं होतं. बायकोनं मुलीचा फोटो दाखवला, जावयाचा दाखवला, नातीचा दाखवला. दादांचा फोटो मात्र तिनं कपाटात चादरींखाली सरकवून ठेवला.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दर रविवारी दोघं सिनेमाला जायचे. सिनेमा कसाही असो, बाहेर पडल्यावर चहाच्या दुकानात शेवटावरून वाद ठरलेला. दादांना गोड शेवट लागायचा. ‘‘असं कुठं असतं का दादा? जरा बातम्या बघत जा,’’ हे म्हणायचे. हे दवाखान्यात असतानाच दादा झोपेत गेले. डॉक्टरांनी बजावलं, इतक्यात धक्का नको. इतक्यात म्हणजे कधीपर्यंत, ते कुणी सांगितलं नाही.

जाऊबाई एकदा येऊन गेल्या. दाराबाहेर चेहरा सारखा केला, आत येऊन हवापाण्याचं बोलल्या आणि ‘‘तुमचे दादा जरा कामात अडकलेत’’ म्हणून लगेच उठल्या. ते त्यांच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. ‘‘मला नाही गं जमत हे नाटक,’’ नंतर जाऊबाई फोनवर म्हणाल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत.

इकडं शब्द वाढत होते. चमचा, खिडकी, नात. प्रत्येक नव्या शब्दाला बायकोला आनंद व्हायचा आणि धास्तीही वाटायची. त्यांना प्रश्न विचारता आला की पहिला कोणता विचारतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी भाजी निवडत बसली होती. टीव्हीवर एका जुन्या नटाची बातमी लागली. दोघा भावांचा तो फार लाडका. त्याच्या सिनेमांतले तुकडे दिसू लागले तशी तिनं घाईनं रिमोट उचलला. त्यांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

‘‘...दीर्घ आजारानं निधन,’’ निवेदिका म्हणाली.

त्यांचे ओठ हलले. ‘‘नि... नि...’’

‘‘राहू द्या हो, अवघड आहे. उद्या शिकू.’’

‘‘निधन,’’ ते म्हणाले. अगदी स्वच्छ. मग तिच्याकडे वळले. ‘‘दादा. निधन?’’

यातला एकही शब्द तिनं शिकवलेला नव्हता. घरात असं कुणी बोलत नाही. आपलं माणूस जातं, त्याचं निधन होत नाही. पण त्यांच्या हाताला तेवढाच शब्द लागला होता.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही दवाखान्यात होतात. झोपेतच गेले. त्रास नाही झाला काही.’’

त्यांनी मान हलवली. ‘‘रविवार,’’ म्हणाले. पुन्हा, ‘‘रविवार... नाही.’’ तेव्हा तिला उमगलं. दादा आले नाहीत त्या पहिल्याच रविवारी ते समजून चुकले होते. विचारता तेवढं येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कपडे करून दारात उभे राहिले. बसमध्ये बायकोशेजारी बसून सगळा रस्ताभर पुटपुटत होते, ‘‘वहिनी, मी आलो.’’ जाऊबाईंनी दार उघडलं आणि पाठ केलेलं ते वाक्य ह्यांच्या तोंडून फुटेना. शेवटी कसंबसं आलं, ‘‘उशीर.’’

‘‘असू दे,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘आत या.’’

त्या दिवशी जाऊबाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. आदल्या संध्याकाळी दादा काय बोलले, काय जेवले, सकाळी हाक मारली तर ओ कशी आली नाही. आजवर त्या सांगायला लागल्या की जो तो मध्येच समजूत घालायचा. हे मध्ये बोलले नाहीत. नुसते ऐकत होते, आणि डाव्या हाताच्या पालथ्या मुठीनं गाल पुसत होते. बायको उठली आणि तिनं उघडं राहिलेलं दार हळूच लोटून घेतलं.